दोन दामिनी आणि एक मामा

चैतराम मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, नागझिऱ्यातलं एखादं अस्वल जंगलाला कंटाळून मोटारसायकल शिकलं आहे. डिसेंबरची सकाळ होती, धुकं असं की स्वतःच्या नाकाचा शेंडा अंदाजानेच शोधायचा. त्या धुक्यातून फटफट आवाज करत एक केसाळ काळा ढीग माझ्या अंगावर आला. जवळ आल्यावर कळलं की ढीग म्हणजे माकडटोपी, तिच्यावर मफलर, मफलरवर शाल आणि शालीवर रेनकोट. ढिगाच्या पुढे टाकीवर दोन पोरं, मागे सीटवर पोरं, त्या पोरांच्या मांडीवर पोरं, आणि सगळ्यात मागे एक मुलगी खिचडीचं पातेलं डोक्यावर उपडं घालून शिरस्त्राण घातल्यासारखी बसलेली. आजही माझी खात्री आहे की त्या गाडीवर त्या दिवशी अख्खी शाळा होती, फक्त फळा तेवढा मागून बैलबंडीने येत होता.

गाडी थांबली. मफलरमधून आवाज आला, "काऊन हासून राहिले जी? टोल्याची टीम होय हे. कबड्डीले चालली."

"आणि ही पातेलंवाली?"

"दामिनी. तिच्या डोक्याले काही लागलं त आपली टीमच खतम."

आमच्या केंद्रात दहा-बारा गावांच्या प्राथमिक शाळा आहेत. डिसेंबरमध्ये, धान कापून झालं की, सगळ्यांच्या क्रीडास्पर्धा एका मैदानावर होतात. तो आठवडा म्हणजे शिक्षकांच्या बारा महिन्यांच्या पापांचा हिशोब. एकीकडे चुन्याच्या फक्कीने मैदान आखायचं, मंडपवाल्याच्या मागे लागायचं, लेझीम बसवायचं. दुसरीकडे कार्यालयातून फोन येणार, "ती ऑनलाइन माहिती आत्ताच्या आत्ता भरा." मी मैदानाच्या मधोमध उभा राहून एका हाताने दोरी धरलेली आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवर शाळेत किती नळ आहेत ते भरलेलं आहे. माइक माझ्याकडे असायचा, कारण माझा आवाज माइकशिवायही पुढच्या गावाला जातो.

या आठवड्यात बाकीचे शिक्षक थकायचे. चैतराम मास्तर लाजायचे.

टोल्याची, म्हणजे त्या छोट्या वाडीची, शाळा दोन शिक्षकांची, एक मास्तर आणि दुसऱ्या रीता मॅडम. पोरं मोजकी. सात जणींचा संघ उभा करायचा तर तिसरीतल्या पोरीही घ्याव्या लागत. टोला दरवर्षी पहिल्याच सामन्यात हरायचा. मग बक्षीस वाटपाच्या वेळी मास्तर मंडपात बसत नसत. खिचडी शिजवणाऱ्या सुलोचनाबाईंच्या चुलीमागे पाटावर बसायचे आणि धुराने डोळे चुरचुरतात असं सांगायचे. "माहा जनम गेला जी या पातेल्यामागे," मला म्हणायचे. "एकदा ढाल हातात घेऊन गावात जावं, बस."

आणि त्या पहिल्या भेटीच्या वर्षी त्यांना दामिनी सापडली होती, तेव्हा तिसरीतली. अंगाने काडी, पण चढाईला गेली की धानाच्या बांधीतल्या मासोळीसारखी हातातून निसटायची. तिसरीपासून मास्तरांनी तिला तयार केलं. शाळा सुटल्यावर ती चढाई करायची आणि मास्तर स्वतः पकड करायचे. पकड करताना त्यांचा पायजमा दोनदा फाटला, तीही कथा ते अभिमानाने सांगत. दामिनी पाचवीत गेली आणि मास्तरांनी ग्रामसभेत जाहीर केलं, "यंदा ढाल टोल्यात येनार. नाही आली त नाव बदलवा."

नाव बदलण्याची ही गोष्ट त्यांनी जरा जपून बोलायला हवी होती.

स्पर्धेच्या आठवड्यात मंडई आली. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावच्या मंडया सुरू होतात. जत्रेसारखी दुकानं लागतात, दुपारी दंडार हे लोकनाट्य नाचतं, आणि लेकरं मामाच्या गावाला जातात. दामिनीचा मामा धर्मेंद्र तिकडे इटियाडोहच्या कालव्यापाशी राहतो. दामिनी रविवारी गेली, सोमवारी यायची होती. सोमवारी संध्याकाळी मास्तरांनी मामाला फोन लावला. मी शेजारी उभा होतो.

"धर्मेंद्रभाऊ, पोरीले आनून द्या जी. उद्या मॅच आहे."

"गुरुजी, ते त दंडार पाहीन म्हनते. रडून राहिली."

"रडू द्या ना बापा!"

"काय बोलता जी? भाचीले रडवू? नरकात जाऊ का मी?"

मास्तरांनी फोन खाली घेतला. शेवटी तेही मामाच होते. आमच्या भागात भाची म्हणजे देव. भाची मामाच्या पाया पडत नाही, मामा भाचीच्या पाया पडतो. पाळण्यातली असो की पोराबाळांची आई झालेली, दारात आली की मामा वाकला. चुकून मामाचा पाय तिला लागला तर हातातलं काम टाकून आधी तिच्या पायाला हात लावायचा आणि मग कपाळाला. हे आम्ही विचार करून करत नाही. डोळ्यात धूळ गेली की पापणी मिटते, तसंच.

मास्तरांची स्वतःची भाची फुलचूरला राहायची. अंजू. गोंदियातल्या शाळेत आठवीत, जिल्ह्याच्या कबड्डी संघात. मंगळवारी सकाळी ती मैदानावर दिसली. दोन वेण्या, लाल रिबिनी, टोल्याचा गणवेश. गणवेशाने तिच्या गुडघ्याला केव्हाच रामराम केलेला.

"मामाजी, ये रिबन बहुत खराब दिख रहा है."

"बोलू नको माय! तोंडातून एकच शब्द काढाचा, कबड्डी कबड्डी. तू आज दामिनी आहेस."

रीता मॅडमनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सर, हिले पाचवीत बसवाचं त बेंच सुताराकडून वाढवून आना लागंल."

"मॅडम, दामिनी असती त आपन जिंकलोच असतो ना? मंग? जिंकनार त दामिनीच. हे फक्त तिच्या बदल्यात पळून राहिली."

"मंग तसं साहेबाले सांगा."

मास्तर फक्की आणायला निघून गेले.

त्या दिवशी टोल्याने तीन सामने जिंकले. जिंकले म्हणजे काय, समोरच्या पोरी अंजूला पाहून आधीच अर्ध्या बाद व्हायच्या. केंद्रप्रमुख टेंभरे साहेबांनी चष्मा पुसला. "मास्तर, ही पाचवीची? खाते काय?"

"शालेय पोषण आहार, साहेब. रोजच्या रोज."

चुलीपाशी सुलोचनाबाईंनी पदर सावरला आणि मान ताठ केली. सगळे हसले. मास्तर मोठ्याने हसले नाहीत, हे मला तेव्हाच दिसलं. ढाल नक्की झाली तरी ते चुलीमागेच बसले होते.

शुक्रवारी बक्षीस वाटप. मास्तर पहिल्यांदाच मंचावर, इस्त्रीच्या सदऱ्यात, संघाबरोबर. मी माइकवर. शब्दांना कल्हई लावून मी गर्जलो, "आणि यंदाची ढाल टोला शाळेला! ती घेणार यंदाची उत्कृष्ट खेळाडू, कुमारी दामिनी!"

मंचावर बसलेल्या संघातून अंजू उठली. आणि मागून, बायकांच्या घोळक्यातून, आणखी एक मुलगी उठली. नवा चकाकता फ्रॉक, कोपरापर्यंत मंडईच्या बांगड्या, गळ्यात शिट्टी. आजूबाजूच्या मंडयांतल्या सगळ्या दंडारी संपल्यावर तिला कबड्डी आठवली होती आणि तिने मामाला गाडी काढायला लावली होती. ते दोघं नुकतेच पोचले होते. वर्षभर घाम गाळला म्हणून गुरुजींनी आपलं नाव दिलं, एवढंच तिला वाटलं असणार. फ्रॉक दोन्ही हातांनी उचलून, पळत, दात काढून हसत ती मंचावर आली आणि अंजूच्या शेजारी उभी राहिली.

टेंभरे साहेब ढाल हातात घेऊन थांबले. "अरे वा! दोन-दोन दामिनी? मास्तर, तुमची कोणती?"

मंडप हसला. मीही हसलो. हसण्यासारखंच होतं. त्या हसण्यात मास्तरांनी काहीही म्हटलं असतं तरी खपलं असतं. पण समोर अख्खा टोला बसला होता, सगळं माहीत असूनही ढालीवर डोळे लावून. त्यांनी अंजूच्या खांद्यावर हात ठेवला.

"हे."

"आणि ही?"

मास्तरांनी दामिनीकडे पाहिलं नाही. "हे... असंल गावातली कोनी."

दामिनी रडली नाही. वजाबाकीत हातचा विसरला की पोरं जशी विचारतात, तशीच तिने विचारलं, आणि ते माझ्या माइकने सगळ्या मैदानाला ऐकवलं. "गुरुजी, मंग मी कोन आहो?"

साहेबांनी घाईघाईने ढाल अंजूच्या हातात दिली. ढाल जड होती, अंजू मागे सरकली आणि मास्तरांचा बूट तिच्या पायावर पडला.

मास्तर वाकले. इस्त्रीच्या सदऱ्यासकट, अख्ख्या केंद्रासमोर, त्यांनी पाचवीतल्या म्हणवलेल्या मुलीच्या पायाला हात लावला आणि तो कपाळाला लावला.

बायकांमधून एका म्हाताऱ्या डोकरीचा खणखणीत आवाज आला, "अगा माय! मामा होय हा तिचा!"

जो काही हशा झाला, तसा मी आयुष्यात ऐकला नव्हता. खांब हलले. पोरं मातीत लोळली. मास्तर मात्र वाकलेलेच राहिले. मला वाटलं पाठ धरली. पाठ धरली नव्हती. वर बघायला लागेल म्हणून ते उठत नव्हते.

साहेबांनी ढाल अंजूकडून परत घेतली आणि दुसऱ्या क्रमांकाच्या शाळेला दिली. मी संगीत खुर्चीतल्या विजेत्याचं नाव पुकारलं. दामिनी कधी खाली उतरली ते कुणाला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर माझ्या घरी आले. टोपी नाही, मफलर नाही. त्यांचं डोकं असं असतं हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "चला जी संगं. एकटा गेलो त दारातूनच परत येईन."

दामिनीची आई, निर्मलाबाई, अंगणात धान पाखडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं, खाट टाकली, चहा दिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मास्तरांचा चहा कपातच थंड झाला. शेवटी त्यांनी विचारलं, "पोरगी?"

"आत आहे. लाजून राहिली."

"ते कायले लाजते?"

"मैतरिनी हासतात म्हनते. 'न बोलावता कायले गेली मी वरतं?' असं म्हनून राहिली. रातपासून फ्रॉक उतरवून खाटेखाली फेकला."

मास्तरांनी मान खाली घातली. "बाई, लाज त मले वाटाले पाहिजे. मले वाटून राहिली."

निर्मलाबाईने सूप पुन्हा हातात घेतलं. आवाज चढवला नाही. "वाटून राहिली त तुमच्यापाशी ठेवा ना गुरुजी. तिले कायले देल्ली?"

परतताना मास्तरांनी गाडी ढकलत आणली. सुरू करायचं त्यांना सुचलंच नाही आणि मलाही सांगावंसं वाटलं नाही. विनोद सांगणं हा माझा जन्मभराचा धंदा, पण त्या रस्त्यावर मला एकही सापडला नाही.

सोमवारी प्रार्थनेनंतर मास्तर पोरांसमोर उभे राहिले. रीता मॅडमनी मला सांगितलं ते असं. मास्तर म्हणाले, "दामिनी आपल्याच शाळेची आहे. ते चांगली खेळते. मी सगळ्यायसमोर खोटं बोललो." मग त्यांनी हाक मारली, "दामिनी, पुढे ये बेटा."

दामिनी त्या दिवशी आलीच नव्हती. रांगेतली एक पोरगी म्हणाली, "गुरुजी, ते मामाच्या गावाले गेली." मास्तरांनी मान हलवली आणि पोरांना वर्गात जायला सांगितलं.

पुढे ती शाळेत आली, पण शाळा सुटली की सरळ घरी जायची. मास्तर मैदानात फक्कीच्या रेघेपाशी थोडा वेळ उभे राहायचे आणि मग खोलीला कुलूप लावायचे.

टोल्याची शाळा पाचवीपर्यंतच आहे. जूनमध्ये दामिनी शेजारच्या गावच्या शाळेत सहावीत गेली. तिथे मुलींचा कबड्डीचा संघ नाही.