ताईंच्या जिन्यापुरती वीज

सरांनी हात लावला की चालू वस्तूसुद्धा बंद पडते, असे इमारतीतले लोक म्हणत. यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. दारावरची घंटा त्यांनी दुरुस्त केली, तेव्हापासून पाहुण्यांना दार ठोठावावे लागे. न्हाणीघरातला नळ त्यांनी बसवला, तो बंद करायच्या दिशेने फिरवला की उघडत असे. तळमजल्यावर त्यांच्या शेजारी राहणाऱ्या शिंप्याचे मशीन बिघडले, तर तो घाईघाईने त्यावर चादर टाकी. न जाणो, सर मदतीला यायचे. जन्मभर त्यांनी शाळेत विज्ञान शिकवले होते. निवृत्तीनंतर शिकवायला कोणी उरले नाही, तेव्हा त्यांनी आपला मोर्चा वस्तूंकडे वळवला. वस्तू मुलांइतक्या सोशिक नसतात, हे ते स्वतःच सांगत.

वरच्या मजल्यावर त्यांच्या बायकोची मोठी बहीण एकटी राही. तिला सगळे ताई म्हणत. रोज संध्याकाळी ताई जिना उतरून येत, दोघी बहिणी स्वयंपाकघरात चहा घेत बसत, आणि आपल्याविषयी जे बोलले जाते ते ऐकू येत नसल्याचे नाटक करत सर बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसत. जिन्याच्या वळणावरचा दिवा गेला आणि हा क्रम बिघडला. नवा दिवा कोणाच्या मीटरवर जोडायचा यावरून भाडेकरूंत जुंपली. वाद जुना होत गेला, तसा अंधारही सर्वांच्या अंगवळणी पडला. ताईंच्या मात्र पडला नाही. एका संध्याकाळी वळणावर त्यांचा पाय चुकला. कोपर खरचटण्यावर निभावले, पण त्यांनी धसका घेतला.

"मी आपली मुलाकडे राहायला जाते," त्या म्हणाल्या. "त्याच्याकडे लिफ्ट आहे."

"अगं, टॉर्च आहे ना तुझ्याकडे?" बायको म्हणाली.

"आहे. सेल संपलेत, हे तो अंधारात शिरल्यावरच सांगतो. आणि मोबाइलचा दिवा लावायला गेले की मुलालाच फोन लागतो."

बायकोने विसळलेला कप पुन्हा विसळला. सरांनी दारातून ते पाहिले. ताई गेल्या, तर दिवसभर बोलायला तिला फक्त नवरा उरणार होता, आणि तो माणूस कसा आहे हे सरांना इतर कोणाहूनही चांगले ठाऊक होते.

"ताई, थोडं थांबा," ते आत येत म्हणाले. "मी तुम्हाला सेल न लागणारा दिवा करून देतो."

"घंटेसारखा का, भावोजी?"

"घंटेहून बरा."

बेत साधा होता. प्लॅस्टिकची एक नळी, तिच्या मध्यावर तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे, आत सुळसुळ सरकणारा जोरदार चुंबक, दोन्ही टोकांना रबरी बुचे आणि तारेच्या टोकांना एक चिमुकला दिवा. नळी हलवली की चुंबक वेटोळ्यातून मागेपुढे जाणार, तारेत वीज निर्माण होणार आणि दिवा लागणार. हा नियम सरांनी फळ्यावर इतक्यांदा लिहिला होता की त्याविषयी शंका घेणे त्यांना कधी सुचलेच नव्हते. वर्गात वेटोळ्यात चुंबक खुपसला की यंत्राची सुई जराशी थरथरे, आणि सर विजयी मुद्रेने म्हणत, "पाहा, वीज!" मागच्या बाकांवरच्या मुलांना ती सुई दिसतही नसे. मुले भली होती. त्यांनी विश्वास ठेवला. पेटलेला दिवा मात्र सरांनी एकाही वर्गाला दाखवला नव्हता.

तार गुंडाळता गुंडाळता सरांची बोटे आखडली, तेव्हा बायको टेबलाच्या पलीकडे येऊन बसली. "द्या इकडे. तुमच्या एकट्याच्यानं व्हायचं नाही हे."

मग शंभर वेढे सरांनी घालायचे आणि शंभर तिने, असे ठरले. हात बदलताना तार उलगडू नये म्हणून दर शंभराला चिकटपट्टी लावायची, ही युक्ती सरांची. आपल्या या सावधपणावर ते फार खूश होते.

दिवा तयार झाल्यावर ताईंना बहिणीने हात धरून खाली आणले. सरांनी नळी हलवली. दिवा लागला नाही. जोराने हलवली. चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला, दिवा ढिम्म.

"पुरे, भावोजी," ताई म्हणाल्या. "औषधाची बाटली असती तर एव्हाना फेस आला असता." आणि मग हलक्या आवाजात बहिणीला, "रविवारी गाडी घेऊन ये म्हणून सांगते मुलाला."

बायको त्यांना वर पोहोचवायला गेली. सर नळीकडे पाहत राहिले. तारेच्या टोकांवरचे, वीज अडवणारे वार्निश त्यांनी खरवडले होते. दिवा बदलून पाहिला, चुंबक पारखून पाहिला. शेवटी त्यांचा संशय, नवऱ्याचा जातो तिथेच गेला: हिचेच वेढे सैल असणार. पुराव्यासाठी त्यांनी वेटोळे उसवायला घेतले. बायकोचे वेढे एकाला एक लागून, कापडाच्या विणीसारखे बसले होते. एकमेकांच्या खांद्यावर चढलेले वेढे सरांचे होते. आणि प्रत्येक चिकटपट्टीखाली एक चमत्कार होता: इथवर आलेली तार, पाकीट घरी विसरलेल्या माणसासारखी, गर्रकन मागे वळली होती.

सरांनी कपाळावर हात मारला. टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसून दोघेही तार आपल्याकडून पलीकडे गुंडाळत होते. नळी हातातून हातात जात होती, पण तिची टोके कोणी फिरवली नव्हती. त्यामुळे दर शंभर वेढ्यांनंतर दिशा उलटत होती, आणि बायकोच्या वेढ्यांत जी वीज निर्माण होई, ती सरांचे वेढे मारून टाकत. चिकटपट्टी नसती तर तार पहिल्याच उलट वेढ्याला उलगडली असती आणि चूक तिथेच उघडी पडली असती. ती पडू नये, याची तजवीज सरांनी जातीने केली होती.

बायको परत आली, तेव्हा त्यांनी सगळे सांगून टाकले.

"म्हणजे मी केलेलं सगळं तुम्ही पुसत होता?"

"आणि मी केलेलं तू."

"मग यात नवीन काय?" ती म्हणाली, आणि खुर्ची उचलून त्यांच्या शेजारी आणून बसली.

गुरुवारी दिवा लागला. वीज खरोखरच निर्माण झाली, आणि ती पाहताना सरांनाच सर्वांत जास्त आश्चर्य वाटले. संध्याकाळी ताई एका हाताने कठडा धरून, दुसऱ्याने नळी हलवत जिना उतरू लागल्या. "माझा हात तसाही थरथरतो," त्या वरून म्हणाल्या. "ही वीज मला फुकटच पडणार."

सर खाली उभे होते, आणि त्यांचा धीर सुटत चालला होता. मिणमिणत्या, लुकलुकत्या त्या उजेडात ताईंचा अंगठा तेवढा दिसत होता. पायरीचा पत्ताच नव्हता. वळण आले. ताई थबकल्या. नुसती खडखड चालू राहिली. बंद जिन्यात ती दगड भरलेला डबा हलवल्यासारखी घुमत होती.

"कसला हा आवाज?" म्हणत मधल्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी दार उघडले. त्यांच्या खोलीतला उजेड थेट वळणावर पडला. खालून शिंप्याने, काय कोसळले ते पाहायला, आपले दार उघडले. ताई नीट पाय टेकत उतरल्या आणि चहाला येऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी तेच झाले. तिसऱ्या दिवशी नर्सबाईंनी आवाज सुरू होताच दार उघडले आणि त्या वैतागून म्हणाल्या, "उतरा ताई, उतरा, पण लवकर!" ताईंनी मुलाला गाडी आणू नकोस म्हणून कळवले. हा फोन मात्र त्यांनी मुद्दाम लावला होता.

पुढे कधीतरी शिंप्याने सरांना जिन्यातच गाठले.

"सर, खरं सांगा. तुमच्या त्या खुळखुळ्याच्या उजेडात ताईंना पायरी दिसते?"

"नाही," सर म्हणाले. "तो खडखडला की तुम्ही वैतागून दार उघडता, तेव्हा दिसते."