तगणी

आमच्या घरात त्या उन्हाळ्यात ढेकूण हा शब्द उच्चारायला बंदी होती, आणि ती मीच घातली होती. लेक पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे चिटगुप्प्याला यायची होती. तिला सोडायला तिची सासू उदगीरहून स्वतः येणार होती. विहीणबाईंना एक जरी ढेकूण दिसला असता, तर त्यांनी लेकीला आल्या पावली परत नेलं असतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

हे सगळं एका पलंगापायी. लेकीला निजायला म्हणून आमच्या यांनी हुमनाबादेहून जुना पलंग आणला, सागवानी, नक्षीचा. त्या नक्षीतून सबंध वस्ती घरात आली. मी पलंग अंगणात काढला, फटीफटीत उकळतं पाणी ओतलं, गाद्या माळवदावर तापवल्या. औषध फवारावं तर पोटुशी पोर घरात येणार. पलंग गेला, ढेकूण राहिले. ते कॅलेंडरमागे गेले, लाईटच्या बटणांमागे गेले.

मला एका जागी बसवेना. फरशीवर मोहरी सांडली तरी मी चप्पल घेऊन धावायची. भाजी निवडता निवडता उठायची आणि उशीची शिवण उसवून बघायची. तव्यावर भाकरी करपायची. काही चावलेलं नसतानाही पाठ खाजवत राहायची. जरा टेकले की वाटायचं, मी इथं बसलेय तेवढ्यात तिकडं त्यांची पिलावळ वाढतेय. यांना तर मी येता-जाता टोचायची, "घ्या, नक्षी बघत बसा आता!" ते बिचारे उकळत्या पाण्याची किटली पुन्हा भरायचे.

शेवटी मी त्यांना बजावलं, "विहीणबाईंसमोर काई दिसलंच तर कानडीत सांगायचं. तगणी म्हणायचं. उदगीरच्या बाईला काय कळतंय!"

विहीणबाई आल्या आणि आल्या आल्या त्यांनी आपली पिशवी अंगणातल्या दोरीला अडकवली. "ऱ्हाऊ द्या तिथंच," म्हणाल्या. माझं डोकंच फिरलं. घर बघायच्या आधीच नाक मुरडायचं? लेक दमलेली होती. ऊन मी म्हणत होतं आणि हिच्या अंगात लांब बाह्यांचा ड्रेस. मी तिला भिंतीपासून लांब, मधोमध बसवलं.

विहीणबाईंनी चहाची बशी तोंडाला लावली, तोच यांची नजर त्यांच्या पाठीमागच्या लोडाकडे गेली.

"लोड म्याल तगणी," हे अगदी सहज, पाऊसपाण्याविषयी बोलावं तसं म्हणाले.

मी हसत हसत उठले, लोड सारखा करायच्या निमित्ताने ढेकूण पदरात टिपला आणि चिरडला. वास सुटला. तो वास मराठीतही तोच आणि कानडीतही तोच.

विहीणबाईंनी बशी खाली ठेवली. "नम्म मन्यागू अदाव," त्या म्हणाल्या. आमच्याही घरात आहेत. कानडी आमच्यापेक्षा चोख.

"माझं माहेर मादन हिप्परगा, अक्का. इसरलात व्हय?"

विसरलेच होते. सोयरीक जमवताना त्या कानडी गावाचं नाव ऐकलं होतं, पण त्यांच्या उदगिरी बोलण्यात ते पार बुडून गेलं होतं.

"पिशवी कामून भायेर ठिवली?" त्यांनीच विचारलं. "तुमच्या घरात आमचं लचांड नको म्हणून. लई उपाय केले, जायनात. म्हटलं, पोरगी माहेरी तरी सुखानं निजंल."

मला आधी हसूच फुटलं. मग एकदम लेकीच्या बाह्या आठवल्या. मी तिचा हात ओढला आणि बाही वर सारली. कोपरापर्यंत गांधी उठलेल्या, काही लालबुंद, काही जुन्या, काळपट. फोनवर ती रोज "बरं हाय गं आई" म्हणायची.

"कामून न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू मला घिऊन आली असतीस. आन आत्याबाईंना तोंड दाखवायला जागा ऱ्हायली नसती."

विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. मला त्यांच्याकडे बघवेना. एवढी पाण्याची आधणं मी वाहिली ती कुणापासून काय लपवायला, काही कळेना.

"आन हितं?" मी विचारलं. "हितंबी तेच हाय की, बाई."

"दारातच वास आला मला," ती म्हणाली. बोलता बोलता मागे सरकली आणि त्याच लोडाला पाठ टेकली. "पर मला हितंच यायचं व्हतं."

मी तिला तिथून उठवायला हात पुढे केला, पण तिचा डोळा लागला होता.