आवळलेले टाके

सकाळी धुकं इतकं दाट होतं की लॉन्ड्रीच्या दारातून समोरचं दुकान उघडलंय की नाही तेही कळत नव्हतं. आतही तीच तऱ्हा. फक्त तिथं वाफ होती. वहिनीनं बाहीवर पाणी शिंपडलं, कॉलर उलटी करून दाबली, शर्ट हँगरला अडकवला. लॉन्ड्रीत सगळे तिला वहिनीच म्हणत. मालक वयानं मोठे, तरी तेसुद्धा. केस काळेभोर होते तेव्हापासून ती इस्त्रीच्या या टेबलापाशी उभी होती.

उजव्या हाताची बोटं आजही झोपेतच होती. तिनं हात झटकला.

"काय वहिनी, डास?" मालकांनी गल्ल्यावरून विचारलं.

"हो ना."

"एवढ्या थंडीत?"

"मेल्याला दुसरं घर नसेल."

मालक हसले आणि ती सुटली. तिच्या आधी इस्त्रीला एक म्हातारबुवा होते. त्यांची नजर अधू झाली, दोन-चार कॉलरी पिवळ्या पडल्या आणि मालकांनी फार गोड बोलून त्यांना घरी बसवलं. ओरडले असते तर एक वेळ परवडलं असतं. त्या गोड बोलण्याचीच तिला धास्ती होती.

हाताचं तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही, आणि फोनातल्या बायकांनाही नाही.

या बायका तिला सापडल्या त्या एका अडलेल्या कोपऱ्यापायी. क्रोशाची सुई आणि लोकर हा तिचा जुना नाद, पण कोपरा वळवताना विणकाम नेहमी फुगायचं. फोनवर शोधता शोधता ती एका ग्रुपात जाऊन पडली. सगळ्या बायका, सगळ्या विणणाऱ्या, गावोगावच्या. तिनं घाबरत घाबरत आपला फुगलेला कोपरा दाखवला. आता हसतील, म्हणून फोन उशीखाली सरकवला. नंतर पाहिलं तर पहिलंच उत्तर होतं, "ये गं. बस. सगळ्यांचे कोपरे फुगतात."

उशिरा आली म्हणून ती तिथं 'धाकटी' झाली. पन्नाशीला टेकलेली, गुडघे धरून उठणारी धाकटी! घरी तिला इतक्या लाडानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. नवरा शाळेची बस चालवायचा, लोकरीच्या गुंड्यांनी भरलेली पिशवी पाहून म्हणायचा, "बायको गुंडांच्या नादी लागली." पण दुकानातून रंग बघून लोकर आणायचा तोच.

ग्रुपात एक रीत होती. दुसरीच्या कामातली चूक दाखवायची असेल, तर आधी आपली एखादी फसलेली वस्तू सगळ्यांपुढे ठेवायची. मगच तोंड उघडायचं. त्यामुळं तिथं फार जपून बोललं जाई, आणि हसणंही खूप होई.

त्यांच्यातली एक आजारी पडली, लांबलचक उपचार. तिच्यासाठी प्रत्येकीनं एक चौकोन विणायचा आणि सगळे मिळून एक पांघरूण करायचं ठरलं. सुई सगळ्यांची एकाच मापाची, लोकर एकाच जाडीची, टाकेही सारखेच. चौकोन जोडायचं काम थोरल्या ताईंकडे. धाकटीनं आपला चौकोन वेळेवर पोस्टानं धाडला.

दुपारी डबा खाताना तिनं फोन उघडला. थोरल्या ताईंनी सगळे चौकोन जमिनीवर मांडून फोटो टाकला होता. तिचा निळा चौकोन लगेच दिसला. चारी बाजूंनी दोन-दोन बोटं आखूड. बाकीच्यांच्या मधे तो धुवून आटल्यासारखा बसला होता.

खाली कुणी काही लिहिलं नव्हतं. मग एकीनं आपला एक टोपा टाकला, मांजरालाही न बसणारा. दुसरीनं तीन बाह्यांचा स्वेटर. तिसरीनं आणखी काही. धाकटी तोंडावर हात धरून हसली. आणि हसता हसताच तिनं पुन्हा वर जाऊन आपला चौकोन पाहिला. एवढ्या जणी आपापल्या चुका मांडतायत, म्हणजे सगळ्यांनाच काहीतरी बोलायचंय. आणि ते आपल्यालाच.

शेवटी त्यांच्यातल्या नर्सबाईंनी लिहिलं, "धाकटे, टाके मोजले, बरोबर आहेत. पण मधल्या ओळीपासून एकेक टाका आवळलाय. धागा हाताला जाणवत नसला की माणूस असंच ओढतं. बोटं बधिर होतात का गं?"

तिचे कान तापले. आपल्या घरात न विचारता कुणी शिरावं तसं झालं. "नाही हो," तिनं लिहिलं. "लोकरच कडक होती."

"बरं," नर्सबाईंचं उत्तर आलं. एवढंच.

ते 'बरं' घेऊन ती टेबलाशी गेली. खोटं पकडलं गेलं असतं तर भांडता तरी आलं असतं. ती पांढऱ्या शर्टाची बटणपट्टी डाव्या हातानं ताणत होती, उजव्यानं कापड धरत होती, इस्त्री बाजूला उभी. करपल्याचा वास आला. गेला शर्ट! तिनं झटकन पाहिलं. शर्ट पांढराशुभ्र होता. तिचं बोट इस्त्रीला टेकलेलं होतं, कधीचं कोण जाणे.

मालक धावत आले. बोट पाण्यात धरायला लावलं. "अहो, ओरडला नाहीत तुम्ही!"

"कळलंच नाही," ती म्हणाली. आणि मग बाकीचंही सांगून टाकलं.

मालकांनी टॉवेल घडी करून गल्ल्यावर ठेवला. "बघू," ते म्हणाले. "उद्यापासून घड्या घाला. इस्त्रीला तात्पुरतं कुणीतरी बघतो. काळजी करू नका हं, वहिनी."

आवाज अगदी गोड होता.

मागच्या खोलीत कपड्यांच्या गाठोड्यावर बसून तिनं डाव्या हातानं लिहिलं, "नर्सबाई, हो. होतात." जराशानं उत्तर आलं, "टाळू नकोस. हाताच्या डॉक्टरला दाखव, लवकर." पाठोपाठ थोरल्या ताईंचं, "तुझ्या चौकोनाला मी कडेनं दोन ओळी वाढवते. परत पाठवणार नाही." ती तिथंच रडली. पण त्यानं बोटं काही जागी झाली नाहीत.

घरी नवऱ्यानं बोटाला बांधलेली पट्टी पाहिली. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आधी मला सांगायचं, की त्या बायकांना?"

"मी कुठं सांगितलं? त्यांनी ओळखलं."

"फोटोवरून?"

"टाक्यांवरून."

रोज समोर बसून जेवणारा माणूस; त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर तिनं झेलला असता. तो नुसताच तिच्या हाताकडे बघत राहिला, जणू आज पहिल्यांदा दिसतोय.

"ताट हातातून सटकायचं तुझं," तो म्हणाला. "मी म्हणायचो, लक्ष कुठंय तुझं." मग म्हणाला, "शनिवारी बसला सुट्टी आहे. दवाखान्यात जाऊ."

"आणि काम गेलं तर?"

तो उठून बाहेर बसची काच पुसायला गेला.

ओट्यावर भांडी पडली होती. तिनं पट्टीवर प्लॅस्टिकची पिशवी बांधली, दातांनी गाठ आवळली आणि डाव्या हातानं पहिलं पातेलं घासायला घेतलं.