मशीनखालचं पाणी

लग्न होऊन मी पनवेलजवळ करंजाड्याला आले तेव्हा आमच्या बिल्डिंगमधले निम्मे फ्लॅट रिकामे होते. दोन हजार बाराच्या आसपासची गोष्ट. नवरा सकाळी साडेसातला द्रोणागिरीच्या गोदामात कामाला जायचा, तो संध्याकाळीच परतायचा. मधला सगळा दिवस माझा एकटीचा. खिडकीतून गाढी नदीकडचा वारा यायचा, पडदे फुगायचे, पुन्हा खिडकीला चिकटायचे. मी कॉटवर पडून ते बघत राहायची. झोप लागायची, उघडायची. कधी कधी दुपारचे तीन वाजलेत की सकाळचे दहा, हे घड्याळाकडे पाहिल्याशिवाय कळत नसे.

त्या घरात माझ्याखेरीज आवाज करणारी एकच वस्तू होती, ती म्हणजे माझ्या माहेरच्यांनी दिलेलं वॉशिंग मशीन. स्वयंपाकघराला लागून जी अरुंद ड्राय बाल्कनी होती, तिथे भिंतीला पाठ लावून ते उभं असायचं. मी लातूरकडची. आमच्याकडे आठ दिवसांनी नळ यायचा आणि कपडे धुतलेलं पाणी झाडांना जायचं. इथे बटण दाबलं की मशीन आपलं आपण घटाघटा पाणी प्यायचं. सुरुवातीला मला त्याची चोरटी लाज वाटायची. मग सवय झाली. कपडे टाकायचे, झाकण लावायचं आणि आत जाऊन पडायचं. त्याची घरघर भिंतीतून उशीपर्यंत यायची. कुणीतरी शेजारच्या खोलीत काम करतंय असं वाटायचं, आणि त्या आधारावर मला गाढ झोप लागायची.

बाल्कनीच्या फरशीवरचं पाणी पहिल्यांदा लागलं ते पायाला. कपडे काढायला गेले तर तळवे गार. मी फडक्याने पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. असं दोनतीन आठवडे चाललं. नवऱ्याला सांगितलं नाही. तो यायचा, हातपाय धुवायचा, विचारायचा, "काय विशेष आज?" आणि मी म्हणायची, "काही नाही." रोजचं हेच उत्तर होतं. आईचा फोन आला तरी हेच.

शेवटी एका दुपारी दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या मावशी. त्यांना मी जिन्यात दोनदा पाहिलं होतं, साठीच्या, काळ्यासावळ्या, ताठ पाठीच्या. इथल्याच गावच्या. त्यांची जमीन बिल्डिंगखाली गेली होती आणि बदल्यात त्यांच्या घरच्यांना फ्लॅट मिळाले होते. बाकी मला काही ठाऊक नव्हतं.

"बाय, माज्या सैपाकघराच्या छताला वल आलीय," त्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या. "तुज्या घरान पानी गलतंय काय कुठं?"

माझा चेहरा उतरला. आता भांडण, असंच मनात आलं. मी घाईघाईने सांगू लागले, की मशीनचं असेल, मी रोज पुसते, मी उद्याच माणूस बोलावते.

"बोलाव," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

मेकॅनिक आला. त्याने मशीन भिंतीपासून ओढून पुढे घेतलं, वाकून खाली टॉर्च मारला, रिकाम्या मशीनमध्ये पाणी भरलं, फिरवलं, सोडून दिलं. खाली एक थेंब नाही. "मॅडम, मशीन ओके आहे. तुमच्याच हातून सांडत असेल," असं म्हणून त्याने मशीन मागे ढकललं आणि तो गेला. मी लाजले. खरंच माझ्या हातून सांडत असेल का? त्या दिवसांत मला स्वतःबद्दल कशाचीच खात्री वाटत नसे. दुसऱ्या दिवशी कपडे लावले, झोपले, उठले. फरशी ओली.

मी स्वतःच खाली गेले आणि मावशींना सांगितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी पाहिलं की नाही माहीत नाही. त्यांनी विचारलं, "पानी कवा येतंय? भरताना, घुसलताना का सोडताना?"

"मी झोपलेली असते."

त्या हसल्या. "मंग कसं कलेल? गलती शोदायची तर तिच्याजवल बसाया लागतं."

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकून त्या वर आल्या. आम्ही दोन पाट बाल्कनीच्या दारात मांडले. मी चादरी आणि नवऱ्याचे शर्ट मशीनमध्ये टाकले. पाणी पडू लागलं. मावशींनी चालतं मशीन कधी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. झाकणाच्या काचेतून एक निळी बाही वर आली, जरा थांबली आणि पुन्हा फेसात बुडाली. "पोवतंय," मावशी म्हणाल्या. ऊन बाल्कनीच्या जाळीतून फरशीवर चौकोन पाडत होतं आणि ते चौकोन अगदी हळू सरकत होते. मला डुलकी येऊ लागली. पण कुणाच्या शेजारी बसून येणारी डुलकी वेगळी असते, ते मला त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात मावशींनी माझा गुडघा दाबला. नळाला जिथे मशीनचा पाइप जोडला होता तिथून एक थेंब लोंबत होता. तो सुटला, भिंतीवरून घरंगळला. मग दुसरा.

"सापडलं!" मी ओरडलेच.

संध्याकाळी मी पनवेलला जाऊन रबरी वायसर आणला. नळ बंद करून जोड उघडला, जुना वायसर चपटा होऊन कडक झाला होता, तो काढून नवा बसवला. आयुष्यात पहिल्यांदा हातात पाना धरला होता. थेंब थांबला. मला इतका आनंद झाला की मी दोनदा नळ उघडून बघितला.

आणि दुसऱ्या दिवशी फरशी पुन्हा ओली.

मावशींना सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. "एक भोक बुजलं की दुसरं बोलतं," त्या म्हणाल्या. "पीठ हाय का घरान? जुनं, किडकं असंल तरी चालंल."

तांदळाचं पीठ होतं. त्यांनी आधी फरशी फडक्याने कोरडी ठक्क केली, मग चिमटीने मशीनच्या चारी बाजूंनी पिठाची रेघ ओढली, रांगोळी घालावी तशी. हात पोचला नाही तिथे फुंकर मारली. "पानी आलं की पीठ सांगंल, कुनीकडून आलं तं."

पुन्हा पाटावर बसलो. मशीन घुसळत होतं. मी विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"माज्या बापसानं. आमचं मिठागर व्हतं." त्या पिठाकडेच बघत बोलत होत्या. "खाडीच्या कडंला बांद. भरतीचं पानी बांदाच्या भायेर, मीठ आत. बांदाला कुर्ल्या, म्हंजे खेकडं, भोकं पाडतात. बारीक भोकातून पानी आत येतं, आनि मोठं उदान आलं की त्याच जागी खांड जाते. म्हंजे बांद फुटतो बग. तर उदानाच्या आदी आमा पोरांना बांदावरून चालवायचे. अनवानी. जिथं पायाला गार लागंल तिथं थांबायचं आनि हाक मारायची. बापूस येऊन चिखल भरायचा."

"तुम्ही किती वर्षांच्या?"

"बारा असंन." त्या थांबल्या. मशीनही त्याच सुमारास थांबलं, पाणी सोडण्याआधी थांबतं तसं. त्या शांततेत त्यांचा आवाज मला फार जवळून आल्यासारखा वाटला. "एक डाव मामाच्या घरी हलद व्हती. सगली पोरं पुडं गेलेली. मना बापूस बोल्ला, एक फेरा मारून ये, मंग जा. मी मारला. मधल्या वलनाला पायाला गार लागलं. चांगलं लागलं. पन हाक मारली असती तर बापूस आला असता, चिखल आनाया मनाच लावलं असतं. मी घरी गेले आनि बोल्ले, सगलं कोरडं हाय."

मी माझा पाट त्यांच्याजवळ सरकवला.

"हलदीत नाचले. दुसरे दिवशी परत आलो तर खांड गेलेली. तयार मिठाच्या राशी व्हत्या, पांडऱ्या. सगल्या इरगल्या. बापूस नुसता उबा व्हता पान्यात. मना कायपन बोल्ला नाय. त्याला वाटलं, कुर्ल्यांनी केलं."

"तुम्ही नंतर त्यांना सांगितलं?"

"नाय. तो गेला तवा पन नाय. मालकाला नाय, पोरांना नाय." मग माझ्याकडे पाहून, जणू त्यांनाच नवल वाटल्यासारखं म्हणाल्या, "तुलाच सांगते."

मी त्यांचा हात धरला. खरखरीत, कोरडा हात होता. तेवढ्यात मशीन गुरगुरलं आणि पाणी सोडू लागलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, त्यामुळे पीठ भिजलेलं आधी त्यांनाच दिसलं.

"बग, बग! मागून."

मागच्या बाजूची पांढरी रेघ राखाडी झाली होती आणि भिंतीकडून एक बारीक ओहोळ वळत वळत उंबऱ्याकडे निघाला होता. आम्ही उठलो. मशीन थांबवलं, खाली ओलं गोणपाट सारून ते दोघींनी पुढे ओढलं. मागे पाणी सोडायचा वळ्यावळ्यांचा राखी पाइप. मी पुन्हा बटण दाबलं. पाणी गेलं, पण पाइप कोरडाच. मेकॅनिकच्या वेळी झालं होतं अगदी तसंच.

मी हिरमुसून बसले. मावशींनी पाइप हातात घेतला आणि डोळे मिटले. एकेका वळ्यावरून बोट फिरवत त्या वर वर जाऊ लागल्या. मध्येच बोट थांबलं, मागे आलं, पुन्हा थांबलं. "ये, तुजं बोट दे." मी दिलं. मला काहीच लागलं नाही. "डोले मिट," त्या म्हणाल्या. मिटले. मग लागलं, नखाला अडकेल न अडकेल अशी एक धार. त्यांनी पाइप वाकवला, मशीन भिंतीला टेकल्यावर वाकतो तसा. आणि ती रेष ओठ विलगावेत तशी उघडली.

तर असं होतं. मशीन पुढे ओढलं की पाइप सरळ व्हायचा, भेग मिटायची. भिंतीला टेकवलं की उघडायची. मेकॅनिक खोटं बोलला नव्हता, आणि माझ्या हातून काही सांडत नव्हतं. या दुसऱ्या गोष्टीने मला किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही.

मावशी खाली जाऊन सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घेऊन आल्या आणि ती पाइपला ताणून गुंडाळली. त्यावर दोन दिवस निघाले. मग जुना पाइप पिशवीत घालून मी पनवेलच्या दुकानात गेले, तसाच नवा घेतला, क्लिप आवळून बसवला. मशीन भिंतीपासून वीतभर लांब ठेवलं. पुन्हा पीठ टाकलं, पूर्ण धुणं होईपर्यंत पाटावर बसले. पीठ शेवटपर्यंत पांढरं राहिलं.

पण भेग सापडली त्याच दिवसाची संध्याकाळ मला जास्त आठवते. नवरा आला, हातपाय धुतले आणि विचारलं, "काय विशेष आज?"

मी म्हणाले, "मला इथे करमत नाही. दिवसभर मी कुणाशी बोलत नाही. मी नुसती झोपते."

तो टॉवेल हातात धरून उभा राहिला. "कधीपासून?"

"आल्यापासून."

"अगं, मला वाटायचं तुला शांतता आवडते. मी गोदामातल्या गोंगाटातून येतो, मला वाटायचं, किती सुखी आहे ही." तो खुर्चीवर बसला. "बोलली का नाहीस?"

"तुम्ही दमून येता."

त्या रात्री आमचं जेवण बराच वेळ चाललं. मी गणितात बीएस्सी होते, हे त्याला लग्नाच्या बायोडाटावरून ठाऊक होतं, पण मला शिकवायला आवडेल हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. रविवारी त्याने मला स्कूटरवरून कामोठ्याला नेलं. तिथे प्रत्येक सेक्टरमध्ये क्लासच्या पाट्या. तीन ठिकाणी नाही म्हणाले. चौथ्या ठिकाणी आठवी-नववीचं गणित मिळालं, दुपारी तीन ते सहा, नेमकी माझी झोपेची वेळ.

मावशींच्या छतावरची ओल महिनाभराने वाळली. मागे तांबूस कडेचा एक डाग राहिला. तो आम्ही रंगवून देतो म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. गनपतीला सगलंच रंगवू." मिठागराची गोष्ट त्यांनी पुन्हा कधी काढली नाही आणि मीही विचारली नाही. एकदा मात्र त्यांचा मोठा मुलगा जिन्यात भेटला, तेव्हा म्हणाला, "आयस आमची हल्ली लवकर झोपते. पहिलं रात्रभर फेऱ्या मारायची." मी मान हलवली.

क्लासच्या पहिल्या दिवशी मी घराची किल्ली मावशींकडे ठेवून गेले. मुलांनी शंका विचारून विचारून उशीर केला, परतीला रिक्षाही लवकर मिळाली नाही. घशाला कोरड पडली होती, हाताला खडू लागला होता आणि मी फार दिवसांनी जागी होते. घरी आले तर दोरीवरचे कपडे वाऱ्याने उडतील म्हणून मावशींनी काढून घडी करून कॉटवर ठेवले होते. नवऱ्याच्या शर्टांच्या त्यांनी लुगड्यासारख्या लांबट घड्या घातल्या होत्या, बाह्या आत दडवून. मी त्या मोडल्या नाहीत. तशाच कपाटात ठेवल्या.