शेंदराखालचा चेहरा

मधुकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी गावच्या तलावाच्या पाळीवर होतो, माता मायच्या ओट्याजवळ. जिथं बसून आम्ही दोघं जन्मभर भांडलो, नेमका तिथंच. "गेला लेकाचा," एवढंच तोंडून निघालं.

मी मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरचा, तो बौद्ध मोहल्ल्यातला. शाळेपासूनची दोस्ती. पुढे तो चंद्रपुरात मास्तर झाला, पण सुट्टी लागली की गावात हजर. ओट्यावरचा शेंदरी दगड आमची माता माय. मधुकर म्हणे, शेंदराखाली मूर्ती आहे, आणि ही मांडी घातलेली बैठक मायची नाही, बुद्धाची आहे. माझी आई भडकायची. "काऊन रे मधू, आमच्या मायले बाप्या करून राह्यला का?"

"मावशी, मी कुठी नेत नाई ना! तोंड पाहू द्या फकत."

एवढा मोठा धर्म आपल्या मुलखातून गेला कसा, हा त्याला लागलेला घोर. मी म्हणायचो, गेला कुठं? आम्ही पोटात घेतला. त्यावर तो उसळायचा, "पोटात घेतला म्हणतेस. गिळला म्हन ना बे!" विहार ओस पडले, राजांनी हात काढून घेतला, कुठं मारझोडही झाली, आणि उरला त्याला अवतार करून टाकलं, असं तो सांगायचा. मग आईकडे बघून आवाज उतरायचा. "पन मावशीनं दिवा लावला म्हनून हा दगड राह्यला. नाई तं कोनाच्या घरी पाटा झाला असता."

त्याच्या मोहल्ल्यातली पोरं म्हणाली, शेंदूर खरडून टाकू. आमची पोरं काठ्या घेऊन उठली. मधुकर मधे उभा राहिला, दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या. साचलेला शेंदूर कधीतरी आपोआप गळतो, देवानं खोळ टाकली म्हणतात. "त्याचा तो टाकन," तो म्हणाला. "मी थांबतो." आणि थांबला खरंच, म्हातारा होईस्तोवर. किडन्या गेल्या तरी थांबला.

मागच्या आठवड्यात, भर उन्हात, खोळ पडली. सारं गाव जमलं. आईनं पदरानं धूळ पुसली, खूप वेळ पाहिलं. "बाप्याच हाये गा हा," ती पुटपुटली आणि माझ्यावर खेकसली, "उभा काऊन हायेस? मधूले फोन लाव!"

मधू तर कधीच गेला होता; त्याच्या मातीला सगळ्यांत जास्त तीच रडली होती. विसरली बिचारी. आणि मी? मीही खुळ्यासारखा फोन लावला.

त्याचा फोन वहिनींनी उचलला. खोळ पडल्याचं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं,

"कसा दिसते हो, भाऊजी?"

"डोये मिटून हाये, वहिनी," मी म्हणालो, आणि तिथंच, साऱ्या गावासमोर, हंबरडा फोडला.