चर्चमागचा उतार

योगम अक्काने स्की विकत घेतल्या तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती. ही गोष्ट सगळ्यांत आधी मला कळली, कारण त्या माझ्याच गाडीच्या टपावर बांधून आणाव्या लागल्या. शाळेच्या पटांगणात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, तिथे तिला मिळाल्या. वारलेल्या कुणा कोळ्याच्या होत्या. लाकडी, जड, आणि तिच्या डोक्यावर हातभर जातील एवढ्या लांब.

"अक्का, या कशाला? भिंतीवर लावायला?"

"पायात घालायला."

मला हसू आवरेना. तिने खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

आम्ही दोघी मासळीच्या कारखान्यात सोळा वर्षं शेजारी शेजारी उभ्या होतो. मी तिच्या उजव्या हाताला. समोरून कॉड यायचा, तो कापायचा, काटा काढायचा, पुढे ढकलायचा. उत्तर नॉर्वेतल्या या लिलेवोगमध्ये आमची तमिळ घरं बावीस, आणि प्रत्येक घरातलं निदान एक माणूस त्या ओळीत उभं राहिलेलं. अक्का १९८८ साली श्रीलंकेतल्या कारैनगरहून लग्न होऊन आली ती थेट नोव्हेंबरच्या अंधारात. तिचा नवरा कुगदासन अण्णा तिला विमानतळावर घ्यायला गेला तेव्हा सोबत दोन स्वेटर घेऊन गेला होता. तिने दोन्ही एकदम घातले आणि विचारलं, "सूर्य कुठाय?" अण्णा म्हणाला, "जानेवारीत येईल." तिला वाटलं, चेष्टा करतोय.

मग कारखाना बंद पडला. आमच्यातली निम्मी माणसं दक्षिणेला ओस्लोकडे गेली. अक्का गेली नाही. तिने भाषेची परीक्षा दिली, लहान मुलं सांभाळण्याचा अभ्यासक्रम केला आणि गावच्या बालवाडीत मदतनीस म्हणून लागली. तात्पुरती नेमणूक, पण काम तिला मनापासून आवडायचं. मुलं तिच्या मांडीवरून उठायची नाहीत.

बालवाडीत हिवाळ्यातल्या दर गुरुवारी पाच वर्षांची मुलं स्की घालून बाहेर जातात. चर्चच्या मागून वर, मग पठारावर, मग त्याच उताराने खाली. ऑक्टोबरात अक्काने बालवाडीची मुख्य तुरिल हिला विचारलं, "मोठ्या मुलांच्या गटाबरोबर मला कधी पाठवणार?"

तुरिल वाईट बाई नव्हे. ती प्रेमानेच म्हणाली, "योगम, मुलांबरोबर जाणाऱ्याला स्की यायला हवं. मूल उतारावर पडलं तर त्याच्यापर्यंत कोण पोचणार? तू आपली इथे थांब, कोको करून ठेव. तुझा कोको सगळ्यांना इतका आवडतो!"

हे अक्काने मला त्या संध्याकाळी तांदळाच्या पिठाचा वाफवलेला पिट्टू वाढता वाढता सांगितलं. सांगताना आवाज शांत होता, पण पिट्टू ताटात आपटत होती.

"कोको आवडतो म्हणे. माझी नित्या चार वर्षांची होती तेव्हापासून मी त्या उताराखाली गाडीत बसून राहिले, थर्मास मांडीवर घेऊन. तूही बसलीस. आपण सगळ्याच बसलो. इंजिन चालू ठेवून. पोरी वरून खाली येतात, आपण काचेतून हात हलवतो. आता तिथेही कोकोच?"

"पण अक्का, ती म्हणते ते खोटं नाही. तुला येत नाहीच."

"येत नाही म्हणून येणारच नाही का?"

बातमी गावभर व्हायला आठवडाही लागला नाही. अय्यरांच्या घरी पूजा होती, तिथे बायकांनी तिला घेरलं. कुणी म्हणालं, "अक्का, ऑलिंपिकला कधी निघतेस?" कुणी म्हणालं, "उतार संपतो तिथेच दफनभूमीची भिंत आहे, सोयीचं पडेल." अक्का वडे तळत होती. झारा हातात घेऊनच वळली. "हसा. पण उद्या माझ्याबरोबर कोण येतंय ते सांगा." कुणी आलं नाही. मीही नाही.

अण्णा मात्र घाबरला होता. "अगं, हाड मोडलं तर?"

"मोडलं तर बसवतील. दवाखाना आहे."

"आपली माणसं त्यासाठी घडलेली नाहीत गं."

"आपली माणसं कशासाठी घडलेली होती, सांगा बरं? कॉड कापायला?"

डिसेंबरात गावाबाहेरच्या वाटेवर दिवसभर दिवे असतात, कारण सूर्य उगवतच नाही. यंत्राने बर्फात दोन सरळ चाकोऱ्या पाडून ठेवलेल्या असतात, त्यात स्की घालून जायचं. अक्का दुपारी काम सुटलं की तिथे जायची. कारखान्यातला जुना नारिंगी कोट, त्याखाली लोकरीचे दोन थर, आणि डोक्यावर नित्याची शाळेतली टोपी. मी तिला गाडीने सोडायचे आणि गाडीतच बसायचे. तिची प्रगती मला दिव्यांच्या खांबांवरून कळायची. पहिल्या दिवशी ती दुसऱ्या खांबापर्यंत गेली. एका आठवड्याने चौथ्या. पडली की दहा मिनिटं उठता यायचं नाही. त्या लांब लाकडी पट्ट्या एकमेकींत अडकायच्या आणि ती उलट्या कासवासारखी हातपाय हलवायची.

अशीच एकदा ती चाकोरीत आडवी पडली होती आणि मागून एक म्हातारी सरसर येत ओरडली, "चाकोरी सोड!"

"उठता आलं असतं तर उठले नसते का?" अक्काही ओरडली.

म्हातारी थांबली आणि मोठ्याने हसली. ती ओस्हिल्ड. वय अठ्ठ्याहत्तर, एका कानाने बहिरी. पूर्वी पोस्टात होती. रस्ता नव्हता तेव्हा स्कीवरून पत्रं पोचवायची. तिने अक्काला उठवलं नाही. नुसती उभी राहून सांगत गेली: कुशीवर वळ, पाय एकत्र घे, गुडघ्यावर ये. अक्का उठली.

"आता पुन्हा पड," ओस्हिल्ड म्हणाली.

"काय?"

"पड. आणि ऊठ. दहा वेळा."

दुसऱ्या दिवशी ओस्हिल्डने स्वतःच्या जुन्या, आखूड स्की आणल्या आणि त्या कोळ्याच्या स्की माझ्या गाडीच्या टपावर परत पाठवून दिल्या. तिने आधी अक्काच्या हातातल्या काठ्या काढून घेतल्या. मग एका पायातली स्कीही काढली. एका स्कीवर उभं राहून पुढे घसरायचं, दुसऱ्या बुटाने ढकलायचं. अक्का पडे, उठे. "वजन! सगळं वजन एका पायावर!" ओस्हिल्ड ओरडायची. "दोन्ही पायांवर उभी राहिलीस तर कुठेच जाणार नाहीस."

हे मात्र अक्काला येत होतं. कारखान्यात आठ तास दोन्ही पायांवर कोण उभं राहू शकतं? आम्ही एका पायावरून दुसऱ्यावर झुलतच कापायचो, एका लयीत, सबंध ओळ. जानेवारीच्या मध्यावर मी गाडीतून पाहिलं तर अक्का नवव्या खांबापाशी तशीच झुलत चालली होती. पहिल्यांदा मला हसू आलं नाही.

सपाटीवर जमलं तरी उतार बाकी होता. चर्चमागचा उतार लांब नाही, पण मध्ये एक वळण आहे आणि तिथे वाऱ्याने बर्फ काचेसारखा होतो. खाली येताना स्कीची टोकं आत आणि मागच्या बाजू बाहेर काढायच्या, नांगरासारख्या. म्हणजे वेग कमी होतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्याच वळणावर अक्काचा नांगर मोडला आणि डाव्या मनगटाचं हाडही.

प्लास्टर घालून ती कामावर गेली. मुलांनी त्यावर मासे आणि रेनडिअर काढले. तुरिलने फुलं दिली आणि म्हणाली, "योगम, तुला कुणाला काही सिद्ध करून दाखवायची गरज नाही."

अक्काने फुलं टेबलावर ठेवली. "मला काय काय यायला हवं, ते लिहून दे."

"असं काही लिहिलेलं नसतं गं."

"मग इतकी वर्षं कसं ठरवता, कोण जाणार नि कोण राहणार?"

तुरिलने पेन उचललं. तिने कागद घेतला आणि लिहिलं. पाठीवर पिशवी घेऊन तीन किलोमीटर न थांबता जाणं. चर्चमागचा उतार न पडता उतरणं. उतारावर पडलेल्या मुलापर्यंत पोचणं, त्याला उभं करणं, त्याची स्की पुन्हा बांधणं. वर तिने 'योगम' असं लिहिलं होतं. अक्का म्हणाली, "नाव खोड. हा नियम सगळ्यांना आहे ना?"

"हो, अर्थात," तुरिल म्हणाली. तिने नाव खोडून 'कर्मचाऱ्यांसाठी' असं लिहिलं आणि सही केली. अक्काने तो कागद चहाच्या खोलीत फळ्यावर लावला.

दहा दिवसांत ती पुन्हा वाटेवर होती, एका हातात काठी, दुसरा हात गळ्यात. अण्णा तीन दिवस तिच्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी त्याने तिच्या स्कीला मेण लावून दिलं, चुकीचं. त्या दिवशी स्कीच्या तळाला बर्फाचे गोळे गोळे चिकटले. पण लावलं.

बालवाडीत आइविन्ड नावाचा एक तरुण होता. पश्चिम किनाऱ्याचा, जिथे बर्फ कमी आणि पाऊस फार. उमदा मुलगा, गिटार वाजवायचा, मुलांचा लाडका. दर गुरुवारी तो गटाबरोबर जायचा, थर्मास भरलेली घसरगाडी ओढत. एका गुरुवारी अक्काला सुट्टी होती आणि ती उताराच्या कडेला सराव करत होती. तिने पाहिलं: मुलं चिवचिवत खाली गेली, सोबतची बाई गेली, आणि मागे राहिलेल्या आइविन्डने इकडेतिकडे बघून स्की काढल्या, खांद्यावर घेतल्या आणि कडेकडेने चालत उतरला. अक्काने हे मला सांगितलं, बाकी कुणाला नाही.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, प्लास्टर निघाल्यावर, तिने तुरिलला तारीख दिली. दुपारी एक वाजता आम्ही जमलो. सूर्य परतला होता, डोळे दिपत होते. तुरिल, ओस्हिल्ड, मी आणि आइविन्ड. त्याला अक्काने स्वतः बोलावलं होतं. दफनभूमीच्या भिंतीपाशी अण्णा उभा होता, आपण गाडीचा टायर तपासायला आलोय असं दाखवत.

तीन किलोमीटर ती सहज गेली. मग उतार. वळणावर तिचा डावा पाय सुटला आणि ती धप्पकन बसली.

तुरिल खाली धावली. "पुरे, योगम! जवळजवळ जमलंच. माझ्याकडून मान्य."

"मान्य करू नकोस," अक्का बर्फ झटकत म्हणाली. "मी पडले. पुन्हा जाते."

ती पुन्हा वर चढली. पुन्हा निघाली. नांगर इतका रुंद की दोन गाड्या मावल्या असत्या, ढुंगण मागे, तोंडाने तमिळमध्ये अशा शिव्या की भिंतीपाशी अण्णाने कानांवर हात ठेवले. वळण आलं. ती डगमगली, एक पाय हवेत गेला, परत टेकला, आणि ती खाली आली. उभी.

मग पडलेलं मूल हवं होतं. तुरिल स्वतः स्की घालून, एक सुटी सोडून, उताराच्या मध्यावर आडवी झाली आणि खोटं रडू लागली. अक्का तिच्यापर्यंत आडव्या पावलांनी चढत गेली, काखेत हात घालून तिला उभं केलं, स्की बांधली आणि म्हणाली, "रडू नको. शेंबूड पूस." ओस्हिल्डला हसून हसून खोकला लागला.

टाळ्या थांबल्यावर अक्का म्हणाली, "आता आइविन्ड."

तुरिल गोंधळली. "त्याला कशाला? तो तर..."

"तो तर काय?"

चर्चच्या झेंड्याची दोरी खांबावर टक टक वाजत होती.

आइविन्डच म्हणाला, "तिचं बरोबर आहे. मला नाही येत. दोन वर्षं मी चालत उतरतो." त्याचे कान लाल झाले होते. "मला कुणी विचारलंच नाही, तुरिल. आणि मग सांगायची लाज वाटायला लागली."

तरी तो वर गेला. वळणाआधीच तीनदा पडला, आणि शेवटी बसूनच घसरत आला. तुरिलने हात देऊन त्याला उठवलं. मग अक्काला म्हणाली, "तुलाही मी विचारलं नाही, त्यालाही नाही. न विचारताच दोघांचं ठरवून टाकलं."

"हो," अक्का म्हणाली. तिने ते गोड करून सांगितलं नाही.

पुढच्या गुरुवारपासून गटाबरोबर योगम अक्का गेली आणि आइविन्ड कोको करायला राहिला. तीन आठवडे मुलांनी करपलेला कोको प्यायला. दुपारी तो ओस्हिल्डच्या ताब्यात असायचा, काठ्यांशिवाय. कायमची नेमणूक अक्काला लगेच मिळाली नाही; आणखी एक वर्ष तात्पुरती काढावी लागली, आणि त्यासाठीही तिने दोनदा पत्र लिहिलं.

मध्ये इथल्या वर्तमानपत्रातून फोन आला. परदेशातून आलेली बाई स्की शिकली, हे छापायचं होतं, उतारावरच्या फोटोसह. मी शेजारीच बसले होते.

अक्का म्हणाली, "आइविन्डही याच हिवाळ्यात शिकला. त्याचा फोटो काढणार का?"

पलीकडचा माणूस काहीतरी म्हणाला.

"मग माझाही नको," ती म्हणाली आणि फोन ठेवून मासळीच्या रश्शाकडे वळली.

मी अजून शिकले नाही. गाडीतच बसते, माझे गुडघे ठीक नाहीत असं सांगते, आणि ती दर वेळी काचेवर काठी आपटून "खोटारडी" म्हणते. ती आता साठीची आहे. गेल्या हिवाळ्यात तिच्या डॉक्टरने सांगितलं, या वयात उतार पुरे झाले, आता सपाटीवर चाला. ती घरी आली, जेवली, आणि अण्णाला म्हणाली, "अहो, तो डॉक्टर बदलायचा अर्ज कुठे भरतात?"