जिन्याखालचं कुलूप

खोकला जिन्याखालून आला.

मी वरची खोली बघून नुकतीच खाली उतरले होते. जिन्याखाली पत्र्याचं बुटकं दार होतं. त्याला बाहेरून कुलूप.

"अंदर कौन है?" मी विचारलं.

"कोई नहीं दीदी, कबाड़ है," घरमालकांचा मुलगा नितीन म्हणाला.

आमच्या योजनेत झोपडपट्टीच्या जागी नवी इमारत बांधतात. ती होईपर्यंत तिथली कुटुंबं बाहेर, खाजगी खोल्यांत राहतात. त्यांचं भाडं सरकार थेट मालकाच्या खात्यात भरतं. आधी कोणीतरी जाऊन खोली बघावी लागते. याला आम्ही व्हेरिफिकेशन म्हणतो. ते माझं काम.

चेरीताल मोहल्ल्यातली ही खोली चांगली होती. हवेशीर, नळ घरात. ती रेखाला मिळणार होती. रेखा चार घरी धुणीभांडी करायची, दिवस भरत आले होते. झोपडी पडल्यापासून नवरा-बायको ताडपत्रीखाली होते. वर तिने देवाचा फोटो भिंतीला लावूनसुद्धा टाकला होता.

पुन्हा खोकला. मग आत काहीतरी धपकन पडलं.

"नितीन, चावी दे."

"खोल दूँगा दीदी. आप पहले निकलिए तो सही."

ते वाक्य मला लगेच कळलंच नाही. मग कळलं: आत माणूस होता, आणि मी गेल्याशिवाय त्याला बाहेर काढणार नव्हते. मी ओरडले. त्याने कुलूप काढलं.

आत उभं राहण्याइतकी उंची नव्हती. गुडघे पोटाशी घेऊन एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मे महिना, वर तापलेला जिना. सदरा अंगाला चिकटलेला, ओठ पांढरे. हे देवराव काका, नितीनचे वडील. डिफेन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले. घर त्यांच्याच नावावर.

"तुम्ही गेल्या नाही का अजून?" त्यांनी मलाच विचारलं.

"काका, तुम्हाला कोंडून ठेवलंय!"

"कोंडलं काहून म्हणता? कुलूप मीच लावाले सांगितलं. वरची खोली माही. पोराचं काम सुटलं, भाडं आलं तर बरं. मालक राहते ती खोली तुमच्यात चालत नाही म्हणतात. म्हटलं, बाई जाईस्तोवर बसून राहतो."

पण आत अंथरूण होतं. उशी होती, औषधांची पिशवी खिळ्याला टांगलेली होती. हे एका सकाळपुरतं नव्हतं.

काका उठायला गेले आणि कोसळले. रेखा तसल्या पोटाने धावत खाली आली. तिनेच त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, साखर-मिठाचं पाणी पाजलं. मग आम्ही ऑटोने त्यांना दवाखान्यात नेलं.

तिथून मी साहेबांना फोन लावला.

"खोली ठीक है ना? मग मालक कुठे झोपतो, ते आपलं काम नाही."

"सर, ती मालकाची राहती खोली आहे. नियमात बसत नाही."

"चलो, रिजेक्ट करो. पण त्या बाईसाठी दुसरी खोली तुम्हीच शोधायची."

रेखाला मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर सांगितलं. ती रडली नाही. "दीदी, बुढ़ऊ को तो मैं भी ऊपर ही सुला लेती. आप आई ही क्यों?"

त्याच दुपारी मी तिच्यासाठी दुसरी खोली शोधायला निघाले.

दुसरी खोली मिळेपर्यंत ती बरगीला बहिणीकडे राहिली. मुलगी तिथेच झाली. काका वाचले, वरच्या खोलीत परत गेले. नितीन अजून माझ्याशी बोलत नाही. नंतर मी बघायला गेले, तर काकांनी चहा दिला आणि म्हणाले, "तुम्ही चांगलं केलं बाई. पण पोराले काम काही मिळून नाही राहिलं."

तेव्हापासून कुठेही गेले की नळ, खिडकी नंतर बघते. आधी विचारते, "या खोलीत कालपर्यंत कोण झोपत होतं?" बरेच मालक आधी जिन्याकडे बघतात, मग माझ्याकडे.